पानाची डावी बाजू



आपल्याकडे पान वाढण्याची एक ठरलेली रीत आहे. पानाच्या शिरोभागी मीठ. त्याच्या डाव्या हाताला लिंबाची फोड, चटणी, लोणचे, कोशिंबीर. उजव्या हाताला भाजी व आमटी. आणि मध्यभागी भात. डावीकडचे पदार्थ चिमूटभर किंवा चमचाभर वाढावयाचे असतात. त्यांनी कोणाचे पोट भरत नाही. पण ती बाजू रिकामी राहिली तर भरलेले पानही ओकेबोके वाटते आणि कालचाच वरणभात आज नकोसा होतो. म्हणूनच या पदार्थांना 'तोंडीलावणे' असे अन्वर्थक नाव मिळाले आहे.

प्रस्तुत लेखात या डाव्या बाजूचा, आणि तिच्याच कुळातील आपल्या सरबतांचा, थोडा अभ्यास करावयाचा आहे. केवळ चार कृती सांगाव्यात एवढाच आमचा हेतू नाही. हे पदार्थ का टिकतात आणि का बिघडतात, हे एकदा समजले म्हणजे कोणतीही कृती आपल्याला परकी राहत नाही. आम्ही स्वतः हा धडा फजितीतून शिकलो. तेव्हा प्रथम ती फजितीच सांगतो.

फुटलेली बाटली

आमच्या घरी वैशाखात भिरंडे पिकली की आजी कोकमाच्या सरबताचा पाक घालीत असे. भिरंडे म्हणजेच पुस्तकी मराठीतील कोकमाची फळे, ज्यांना सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे रातांबे म्हणतात. ती धुऊन, पुसून, अर्धी चिरावयाची. बिया व गर काढून सालीच्या वाट्या करावयाच्या. त्या वाट्यांत साखर भरून काचेच्या बरणीत थर लावावयाचे. आणि बरणीच्या तोंडाला फडके बांधून ती आठ दिवस उन्हात ठेवावयाची. आगीची गरज नाही, पाण्याचा थेंब नाही. साखर सालीतील रस ओढून घेते आणि माणकासारखा लाल पाक तयार होतो.

साखर किती घालावयाची, असे आम्ही एकदा विचारले होते. ती म्हणाली, "हाताक कळटा." पुन्हा विचारले तेव्हा एवढेच म्हणाली, "तळाक साकर दिसपाक जाय." म्हणजे बरणीच्या तळाशी साखर दिसली पाहिजे. आम्ही ते ऐकले आणि म्हातारपणची एक लकब म्हणून सोडून दिले.

आजी गेली, त्याच्या पुढच्या वैशाखात तो पाक आम्ही घातला. एक किलो साली तोलून घेतल्या. साखर बरणीत ओतताना हात आखडला. एवढी साखर कशासाठी, असे वाटले. म्हणून एक किलोवरच थांबलो. आठ दिवसांत सारी साखर विरघळली. तळ स्वच्छ दिसू लागला, याचा आम्हाला आनंदच झाला. पाक गाळून बाटल्यांत भरला, बुचे घट्ट बसविली आणि बाटल्या फडताळात ठेवल्या. आषाढातील एका रात्री मोठा आवाज झाला. दिवा लावून पाहतो तो एक बाटली फुटलेली, दुसरीचे बूच उडालेले, भिंतीवर लाल ओघळ आणि घरभर आंबूस वास! बाटली रात्रीच फुटली, दिवसा एखादे मूल जवळ असताना नाही, हे आमचे दैव.

आम्ही कला शाखेचे विद्यार्थी. रसायनशास्त्राशी आमचा परिचय बेताचाच. शाळेत विज्ञान शिकविणाऱ्या सहकाऱ्यांना ही हकिगत सांगितली तेव्हा त्यांनी कागदावर एक छोटे गणित मांडले. ते तुम्हीही मांडून पाहा.

तळाच्या साखरेचे गणित

फळाच्या सालीत बहुतांशी पाणीच असते. एक किलो सालीत सुमारे 800 ग्रॅम पाणी धरू. त्यात दोन किलो साखर घातली तर साखर व पाणी मिळून 2,800 ग्रॅम होतात. त्यात साखरेचा वाटा सुमारे 71 टक्के. एकच किलो घातली तर 1,800 ग्रॅमपैकी 1,000 ग्रॅम, म्हणजे सुमारे 56 टक्के. साखरेच्या पाकाने आपल्या बळावर टिकावयाचे असेल, तर त्यात वजनाने सुमारे 65 टक्के किंवा अधिक साखर असावी लागते. आमचा पाक या रेषेच्या खाली राहिला होता.

याचे कारण असे. अन्न बिघडविणारे सूक्ष्मजीव, म्हणजे बुरशी, यीस्ट आणि नाना प्रकारचे जिवाणू, हे आपल्यासारखेच पाण्यावाचून जगू शकत नाहीत. भोवतीचा पाक फार दाट असला तर त्यांच्या शरीरातील पाणी पातळ आवरणातून बाहेर पाकाकडे ओढले जाते. यालाच तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'परासरण' म्हटले आहे. भिरंडाच्या सालीतून रस ओढून काढते ती क्रिया हीच, आणि यीस्टला निर्जल करून निकामी करते तीही हीच. पाक पातळ राहिला तर मात्र यीस्टला मेजवानीच मिळते. ते साखर खाऊन मद्यार्क व कार्बन डाय-ऑक्साइड वायू तयार करतात. वायूला वाट मिळाली नाही की बाटली फुटते.

आता आजीचे वाक्य आठवा. आपल्या हवेत पाणी स्वतःच्या वजनाच्या जेमतेम दुप्पट साखर विरघळवू शकते. 800 ग्रॅम पाण्यात 1,600 ते 1,700 ग्रॅम साखर विरघळते. दोन किलोंपैकी उरलेली तळाशी बसते. तळाशी साखर दिसणे याचा अर्थ पाण्याला आणखी साखर सामावून घेणे शक्य नाही. पाक पुरता भरला. ज्या वाक्याला आम्ही लकब समजलो, तो एका वाक्यात सांगितलेला रसायनशास्त्राचा नियम होता. आजीने तराजू हाती घेतला नव्हता. पण तिची खूण तराजूइतकीच खरी होती.

चार राखणदार

साखर ही एकटीच राखणदार नाही. पानाच्या डाव्या बाजूला जेवढे पदार्थ असतात त्यांचे रक्षण करणारे चौघे आहेत: मीठ, साखर, आंबट आणि कोरडेपणा. कोणतीही चटणी किंवा सरबत हाती घेतले की प्रथम विचारावे, येथे राखणदार कोण?

पहिला राखणदार मीठ. याचे उत्तम उदाहरण म्हणजे कोकमाचे आगळ. पिकलेल्या भिरंडांच्या साली व गर एक किलो घ्यावा, त्यात 200 ग्रॅम जाडे मीठ मिसळावे, आणि काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत ठेवून आठ दिवस रोज कोरड्या लाकडी पळीने ढवळावे. नंतर गाळून बाटल्यांत भरावे. हे आगळ वर्षभर टिकते. आपल्या गोव्यात लहान कैऱ्या, म्हणजे तोर, मिठात चेपून ठेवतात, त्यांचेही रहस्य हेच. पावसाळ्यापूर्वी करावयाच्या बेगमीला आपण 'पुरुमेंत' म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. पण मिरगापूर्वी घर भरून ठेवण्याची रीत पावसाने शिकविली आहे.

दुसरा राखणदार साखर. तिचे गणित वर आलेच आहे.

तिसरा राखणदार आंबट. पदार्थाचा आंबटपणा विज्ञानात 'सामू' या मापाने मोजतात; सामू जितका कमी तितका पदार्थ अधिक आंबट. सामू 4.6 पेक्षा कमी असेल तर बोट्युलिनम नावाचा अत्यंत विषारी जिवाणू त्यात वाढू शकत नाही. लिंबू, चिंच, कैरी आणि कोकम ही सारी या रेषेच्या पुष्कळ खाली आहेत. कोकमाच्या लाल रंगातही एक गंमत दडलेली आहे. कोकमाच्या पाण्यात खाण्याच्या सोड्याची चिमूट टाकून पाहा. आंबटपणा मरताच तो लाल रंग पालटतो. प्रयोगशाळेतील लिटमस कागद करतो तेच काम येथे कोकम करते.

आंबटाबरोबर एक सावधगिरी मात्र हवी. आंबट पदार्थ पितळेच्या, तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नयेत; आंबटपणाने धातू झिजून अन्नात उतरतो. जुन्या घरांत पितळी भांड्यांना कल्हई करीत ती यासाठीच. काच, चिनी माती व स्टेनलेस स्टील ही भांडी निर्धोक होत.

चौथा राखणदार कोरडेपणा. तीळ, सुके खोबरे, शेंगदाणे यांच्या चटण्या टिकतात त्या पाणी नसल्यामुळे. म्हणून भाजणे हे केवळ खमंगपणासाठी नव्हे. त्याने उरलासुरला ओलावा जातो. आणि म्हणूनच 'बरणीत ओला चमचा घालू नको' ही घरोघरची ताकीद अक्षरशः पाळावयाची असते.

चार कृती, चार कालमर्यादा

आता रोजच्या जेवणातील चार सोप्या कृती देतो. त्या मुलांनी व मुलींनी, दोघांनीही, करून पाहाव्यात; विस्तवाजवळ वडील माणूस असावे. प्रत्येक कृतीबरोबर तिचे आयुष्यही सांगतो, कारण कृतीइतकेच तेही महत्त्वाचे आहे.

1. ओल्या खोबऱ्याची चटणी. एक वाटी खवलेला नारळ, दोन हिरव्या मिरच्या, कैरीची दोन बोटे लांबीची फोड, थोडी कोथिंबीर व चवीपुरते मीठ हे अगदी थोड्या पाण्यात वाटावे. कैरी नसेल तेव्हा लिंबू पिळावे. येथे राखणदार जवळजवळ कोणीच नाही: नारळ ओला, पाणी भरपूर, मीठ थोडे. म्हणून ही चटणी त्या जेवणापुरती करावी. आपल्या दमट हवेत सकाळची चटणी बाहेर राहिली तर सायंकाळी खाऊ नये. फ्रिज असल्यास दुसऱ्या दिवशी संपवावी.

2. लसणाची सुकी चटणी. एक वाटी किसलेले सुके खोबरे मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजावे. लसणाच्या दहा-बारा पाकळ्या ओलावा जाईपर्यंत परताव्यात. दोन्ही गार झाल्यावर दोन लहान चमचे तिखट, सुकी चिंच बोराएवढी व मीठ घालून कुटावे. कोरड्या बरणीत ही चटणी पंधरा दिवस सहज राहते. येथे एक धोक्याची सूचना देणे आमचे कर्तव्य आहे. कच्चा लसूण तेलात बुडवून ते तेल बाहेर ठेवण्याची पद्धत अलीकडे दिसते. तेलाखाली हवा पोहोचत नाही, लसूण आंबट नाही, ओलावा मात्र आहे. वर सांगितलेल्या बोट्युलिनमला नेमकी अशीच जागा हवी असते. त्याचे विष वासावरून किंवा चवीवरून ओळखता येईलच असे नाही. असे तेल त्या त्या वेळेपुरतेच करावे. उरल्यास फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावे.

3. कैरीचे पन्हे. अर्धा किलो कैऱ्या उकडून साल व कोय काढावी. गर मोजून घ्यावा. जेवढा गर त्याच्या दीडपट ते दुप्पट चिरलेला गूळ घालावा. मिश्रण गूळ विरघळेपर्यंत शिजवावे. मीठ व वेलदोड्याची पूड घालून गार करावे. पेलाभर थंड पाण्यात दोन मोठे चमचे मिश्रण ढवळले की पन्हे तयार. येथे आंबट व गोड असे दोन राखणदार आहेत, पण दोघेही अर्ध्या ताकदीचे. म्हणून मिश्रण फ्रिजमध्ये ठेवावे व आठवड्याच्या आत संपवावे.

4. सोलकढी. एक नारळ खवून, त्यात लसणाच्या तीन पाकळ्या व एक हिरवी मिरची घालून कोमट पाण्यात वाटावे व पिळून घट्ट रस काढावा. चोथा पुन्हा वाटून पातळ रस काढावा. दोन्ही मिळून चार वाट्या झाल्या की तीन-चार मोठे चमचे आगळ घालावे, वर कोथिंबीर भुरभुरावी. आगळात मीठ असतेच. म्हणून आधी चव पाहावी. आगळ नसल्यास आठ-दहा आमसुले, ज्यांना आपण घरी सोलां म्हणतो, ती वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून ते पाणी घ्यावे. आंबट घातल्यावर कढी विस्तवावर ठेवू नये; नारळाचा रस फाटतो. आगळ वर्षभर टिकते, पण सोलकढी त्याच जेवणापुरती; कारण नारळाच्या रसात मिसळताच मिठाचे बळ विभागले जाते. राखणदार तोच, घर मात्र मोठे झाले!

डावी बाजू डावीकडेच बरी

एवढे सांगितल्यावर कोणी म्हणेल, मीठ आणि साखर एवढी घातली तर प्रकृतीचे काय? प्रश्न योग्य आहे. प्रौढ माणसाने दिवसाकाठी 5 ग्रॅमपेक्षा, म्हणजे लहान चमचाभराहूनही, कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. त्यात भाजी-आमटीतील मीठही आले. तेव्हा टिकाऊ पदार्थातील मीठ-साखर कमी करणे हा उपाय नव्हे. तसे केल्यास काय होते ते आमच्या भिंतीने पाहिले आहे. उपाय आहे तो वाढण्याच्या मापात. चटणी चमचाभर, लोणच्याची एक फोड, सरबताचा पाक पेल्यात दोन चमचे. पूर्वजांनी हे पदार्थ पानाच्या डाव्या बाजूला, लहानशा जागेत ठेवले, त्यात पुष्कळ शहाणपण होते.

बाजारातून बाटली आणणे हा काही गुन्हा नव्हे. आई-वडील दोघेही कामावर जातात अशा घरात ते कधी सोयीचेही असते. पण बाटली घ्यावयाची तर तिच्यावरील घटकांची यादी वाचावी. आपल्या देशातील नियमाप्रमाणे ज्या घटकाचे वजन सर्वांत अधिक तो यादीत प्रथम लिहावा लागतो. कोकमाच्या सरबतावर पहिले नाव कोणाचे आहे, कोकम कितव्या क्रमांकावर आहे, रंग फळाचा आहे की वरून घातलेला, हे पाहण्यास अर्धे मिनिट पुरते.

घरचा शब्द, पुस्तकातील शब्द

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कोंकणी बोलतात आणि शाळेत आपण मराठी शिकतो. आमचेही तसेच आहे. त्यामुळे एकाच वस्तूला आपल्याजवळ दोन-दोन नावे असतात: भिरंड आणि रातांबा, सोलां आणि आमसुले, तोर आणि कैरी, मिरसांग आणि मिरची. याचा संकोच वाटण्याचे कारण नाही; तो दुप्पट ठेवा आहे. आपल्या या भूमीतील आंबट फळ तर विद्वानांच्या ग्रंथांतही फार पूर्वीच जाऊन बसले आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने औषधींवर लिहिलेला ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. त्यात या फळाचा उल्लेख आहे. आणि ज्या मिरचीवाचून आपल्याला चटणीची कल्पनाही करवत नाही, ती त्याच शतकात पोर्तुगिजांच्या गलबतांतून अमेरिकेकडून आपल्या किनाऱ्यावर आली. म्हणजे आपल्या आज्यांच्या आज्यांनीही कधीतरी एक परकी वस्तू हाती घेतली, तिचे गुण पाहिले, तिचे माप बसविले आणि ती आपली करून टाकली. हे काम त्यांनी डोळसपणे केले म्हणूनच ते टिकले.

माप, खूण आणि कारण

आता शेवटची गोष्ट. आजीचा पाक आम्हाला आज साधतो. कोणत्या खुणेवर थांबावयाचे ते कळले आहे. पण तिची आणखी एक चटणी होती, बिंबलांची. ती कशी करीत असे, हे आमच्या घरात आता कोणालाच सांगता येत नाही. तिचा हात जाणत होता. आम्ही त्या हाताशेजारी वही घेऊन बसलो नाही. 1970 साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' प्रसिद्ध झाले आणि अनेक नवशिक्या गृहिणींना त्याचा आधार झाला. पण प्रत्येक घराची चटणी कोणत्याच पुस्तकात मावणार नाही. ती लिहिणारे त्या घरातीलच कोणीतरी हवे.

म्हणून येत्या मे महिन्याच्या सुट्टीसाठी आम्ही तुम्हाला एक काम देतो. घरातील, किंवा शेजारच्या, एका वडीलधाऱ्या व्यक्तीजवळ बसा. तिची एक चटणी, एक सरबत किंवा एक लोणचे तिच्या हातून होताना पाहा. तिने मूठभर मीठ घेतले की ती मूठ बरणीत पडण्यापूर्वी ताटलीत घ्या आणि तोला. वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात माप लिहा: किती ग्रॅम, किती वाट्या, किती दिवस. दुसऱ्यात खूण लिहा: ती केव्हा म्हणते की झाले, रंग पाहून, वासावरून की तळाशी साखर पाहून. तिसऱ्यात कारण लिहा: राखणदार कोण, आणि तो किती बळाचा. तिसरा रकाना कोरा राहिला तर विज्ञानाच्या शिक्षकांना विचारा; आम्हीही तेच केले. पहिले दोन रकाने मात्र कोणताही शिक्षक भरून देऊ शकणार नाही. त्यासाठी ज्या व्यक्तीला विचारावयाचे ती आज घरात आहे, तोवरच विचारले पाहिजे.

जून महिन्यात शाळा उघडेल तेव्हा या वह्या आमच्याकडे आणून द्याव्यात. त्यांतील निवडक कृती, सांगणाऱ्या आजी-आजोबांच्या घरगुती शब्दांसह, पुढील वार्षिकांकात छापण्याचा आमचा मानस आहे. आणि कोणाच्या घरी बिंबलांची चटणी अजून होत असेल, तर त्या विद्यार्थ्याने जूनची वाट न पाहता आम्हाला येऊन भेटावे.